सदर वाचनालयात चौकशी केली

वाचनालयाच्या दाखल रजिस्टरात प्रत्येक पुस्तकाला एक आकडा असतो. पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं, तरी त्याचा आकडा दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. फक्त शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने ‘निर्लेखित’ असं लिहायचं, बाजूला ग्रंथपालाने सही करायची, की ते पुस्तक कागदोपत्री संपतं आणि रद्दीत द्यायला मोकळं होतं. आमच्या रजिस्टरात अशा तांबड्या सह्या पुष्कळ आहेत आणि सगळ्या माझ्या आहेत. त्यातली एक मला पुसता आली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो.

ते पुस्तक म्हणजे गावच्या शाळेची एक जुनी स्मरणिका होती. पातळ, खाकी पुठ्ठ्याची. शाळेतल्या एका गुरुजींनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसून, विचारून विचारून तीत गावाची माहिती लिहिली होती. एका पानावर बाजारचौकातल्या विहिरीची हकीकत होती. पाण्याची फार ओढ पडलेल्या एका उन्हाळ्यात गावाच्या कडेला राहणाऱ्या गोंड घरांनी, बायामाणसं मिळून, ती विहीर खोदली. पाणी लागल्यावर दोनेक वर्षांनी गावातल्या एका दुकानदाराने तिला दगडी कठडा बांधला आणि त्यात स्वतःच्या नावाचा दगड बसवला. कठडा झाल्यावर ज्यांनी विहीर खोदली होती त्यांना पाणी भरायला एक कोपरा नेमून दिला गेला. एवढंच. गुरुजींनी कोणाला शिव्या दिल्या नव्हत्या, कोणाची तारीफही केली नव्हती.

तो दुकानदार म्हणजे माझे आजोबा.

आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, आठवडी बाजाराचं. तळेगावला हायवे सोडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे लागतात, मग कपाशी, मग आमचा चौक. चौकात ती विहीर, विहिरीसमोर आमचं किराणा-कापडाचं दुकान, जे आता माझा मोठा भाऊ पाहतो. दुकानात मन लागलं नाही म्हणून मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल झालो. लहानपणी आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसायचो आणि आजोबांच्या नावाच्या खोदीव अक्षरांतून बोट फिरवायचो. अक्षरं गिरवायला मी शाळेच्या आधी तिथेच शिकलो. ‘तुझ्या आज्याने गावाला पाणी पाजलं,’ असं घरी येणारा-जाणारा सांगायचा. ते मी तपासून पाहावं असं मला कधी वाटलं नाही. घरच्या देवाचं वय कोणी विचारतं का?

स्मरणिका माझ्या हाती आली ती निरीक्षक येणार होते त्या आठवड्यात. कपाटं मोकळी करायची होती, जीर्ण पुस्तकांची यादी करायची होती. स्मरणिकेचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता, हे खरं आहे. पण आतला मजकूर शाबूत होता. विहिरीचं ते पान मी कपाटापाशी उभ्या उभ्या वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. खिडकीतून विहीर दिसत होती. मग मी स्मरणिका मिटली आणि निर्लेखनाच्या ढिगावर ठेवली. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, आणि कोणी पाहत नव्हतं. मनाशी मी एकच शब्द म्हटला: वाळवी. पुढे कितीतरी वर्षं त्या शब्दावर माझं भागलं.

मग वाचनालयात कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आणि मला तो ऑनलाइन ज्ञानकोश सापडला. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, सगळ्यांनी मिळून तयार करावं, असा तो मराठीतला ज्ञानकोश. दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसतं. मी लिहू लागलो. आधी शुद्धलेखन नीट करायचो, मग तालुक्यातल्या गावांवर लहान लहान लेख टाकू लागलो. स्वतःचं नाव न देता मी ग्रंथांवरून एक भारदस्त सदस्यनाव घेतलं होतं. दोनेक वर्षांत त्या नावाला वजन आलं. कोणी काही बिनबुडाचं लिहिलं की मी ते उलटवायचो, म्हणजे पुसून आधीचा मजकूर परत आणायचो, आणि शेरा मारायचो: ‘संदर्भ द्या.’ पुण्या-मुंबईचे, कधी न पाहिलेले संपादक मला ‘आपण जाणकार आहात’ असं लिहायचे. गावात मला कोणी जाणकार म्हणत नव्हतं. गावात मी दुकान सांभाळता न आलेला धाकटा भाऊ होतो.

आमच्या गावावरचा लेखही मीच लिहिला. विहिरीबद्दल त्यात एक वाक्य टाकलं: बाजारचौकातली विहीर अमुक यांनी खोदली. अमुक म्हणजे आजोबा. संदर्भ म्हणून लिहिलं, ‘विहिरीवरील शिलालेख’. दगडावर फक्त नाव आहे, खोदल्याचा एक शब्द नाही. पण तिथे येऊन दगड कोण पाहणार होतं? आणि ते माझे आजोबा आहेत हे मी कुठेच सांगितलं नाही. आपल्या घरच्या माणसाबद्दल लिहिताना ते उघड करावं, असा त्या ज्ञानकोशाचा नियम आहे. तो नियम मी दुसऱ्यांना पुष्कळदा दाखवला होता.

एके दिवशी त्या वाक्याच्या जागी दुसरं वाक्य दिसलं. मोबाइलवरून घाईने टाइप केलेलं, विरामचिन्हं नसलेलं: ही विहीर गावातील गोंड लोकांनी खोदली दुकानदारांनी फक्त कठडा बांधला. मी ते उलटवलं. ‘संदर्भहीन मजकूर.’ दुसऱ्या दिवशी ते परत आलं. मी परत उलटवलं. मग लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर कोणीतरी लिहिलं: ‘मी खोटे लिहत नाही माझे वडील तिथे होते ते जिवंत आहे त्यांना विचारा.’ मी उत्तर दिलं: ‘वैयक्तिक आठवणी संदर्भ ठरत नाहीत. प्रकाशित साधन दाखवावे.’

वडील तिथे होते म्हटल्यावर कोण लिहितंय हे मला कळलं. विहीर खोदणाऱ्यांपैकी गावात एकच माणूस उरला होता. नव्वदीला टेकलेला, तेव्हा मातीची टोपली वाहणारा. त्याची मुलगी अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त झालेली. सगळं गाव तिला बाई म्हणतं. माझ्या मुलीने पाटीवरची पहिली रेघ तिच्याच अंगणवाडीत ओढली. आजारी पोराला कडेवर घेऊन भर उन्हात दवाखान्यापर्यंत चालत जाणारी ती बाई. तिला काय हवं होतं तेही मला समजत होतं. बाप डोळ्यांदेखत आहे तोवर, त्याने आणि त्याच्या माणसांनी काय केलं ते चार लोकांना दिसेल अशा ठिकाणी लिहिलेलं तिला त्याला वाचून दाखवायचं होतं. आणि त्याच्याकडे दिवस थोडे होते.

तिने पुढच्या आठवड्यात संदर्भ दिला. ‘गावच्या शाळेची स्मरणिका सार्वजनिक वाचनालयात आहे.’

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती ओळ वाचताना माझ्या पाठीमागे ते कपाट होतं. मी खुर्ची वळवूनही पाहिलं नाही. मी टाइप केलं: ‘सदर वाचनालयात चौकशी केली. असे पुस्तक तेथे उपलब्ध नाही.’

त्या ओळीत खोटं असं काही नव्हतं, हेच मला आज जास्त बोचतं. पुस्तक नव्हतं. चौकशी मी केली होती, फक्त स्वतःकडे. एका पुण्याच्या संपादकाने खाली लिहिलं, ‘इतक्या तत्परतेने पडताळणी केल्याबद्दल धन्यवाद.’ ज्ञानकोशाची व्यवस्था पाहणाऱ्या प्रचालकांना मी विनंती केली आणि तो लेख अनोळखी संपादनांसाठी बंद करून घेतला.

तीन-चार दिवसांनी बाई स्वतः वाचनालयात आली. पायऱ्या चढून दम लागला होता. बाकावर बसून तिने पदराने घाम पुसला.

“सर, ते शाळेचं पुस्तक पाह्यजे होतं. खाकी पुठ्ठ्याचं. गुरुजीनं लिवलेलं.”

“कोणतं हो बाई?” मी म्हणालो. कोणतं ते मला पुठ्ठ्याच्या रंगासकट आठवत होतं.

“त्यात आमच्या बाबाचं नाव हाय जी. गुरुजी आमच्या घरी बसून लिवून घेत होते. मी चहा देल्ला होता त्यायले. लहान होतो मी.”

मी उठलो. कपाट उघडलं. जिथे ते नाही हे मला माहीत होतं तिथे मी ते शोधलं. वरचा खण, मग खालचा खण, मग गुडघ्यावर बसून सगळ्यात खालचा. धूळ झटकली. इतका वेळ लावला की खरा शोध वाटावा.

“वाळवीनं खाल्लं असन,” मी म्हणालो.

“सगळंच?”

“जुनी पुस्तकं, काय सांगावं.”

तिने कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “तिकडं इंटरनेटवर एक जण हाय, सर. पोरीनं दाखवलं मले. मी लिवलं का तो पुसते. मी लिवलं का पुसते. काय खातपीत नाई का काय तो? दिवसभर तेच करून राह्यला. त्याची बायको त्याले काही काम सांगत नसन.”

मी हसलो. हसायला नको होतं.

“अन् म्हणते कसा, वाचनालयात चौकशी केली. तुमाले कोणी इचाराले आलतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

“कोणीच नाई?”

“कोणीच नाही, बाई.”

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखाद्या मुलाने पाटी लपवली की नाही हे बघावं तितकंच. मग “बरं जी” म्हणून ती उठली. मी चहा मागवतो म्हटलं, तर “राहू द्या” म्हणाली, आणि जिन्याच्या कठड्याला धरत धरत पायऱ्या उतरली.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला चौकाच्या सुशोभीकरणाचं काम मिळालं. विहिरीवर जाळी, भोवती फरशी आणि इतिहासाचा एक फलक. ग्रामसेवक माझ्याकडे आला. “सर, मजकूर द्या ना लिहून.” मी काही लिहून दिलं नाही. मी म्हणालो, “ज्ञानकोशात आहे, तिथून घे.” हे म्हणताना मी फार सावध होतो असं मला वाटत होतं. मी काही दिलं नाही, त्याने घेतलं. पेंटरने निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं वाक्य उतरवलं.

फलकाला हार घालायच्या दिवशी बाईने वडिलांना, आबाजींना, आणलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोन नातवांनी खुर्चीसकट उचलून आणलं. आबाजींना डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. विहिरीवर काहीतरी लिहिलंय एवढं त्यांना कळलं होतं, आणि धुतलेलं धोतर नेसून ते आले होते. सरपंचाचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. त्या ओसरल्यावर आबाजी मोठ्याने म्हणाले, “काय लिवलं वं?”

बाई फलकाजवळ उभी होती. तिला काहीही वाचून दाखवता आलं असतं. म्हातारा काही तपासायला येणार नव्हता. मला वाटलं, वाचेल ती त्यांना हवं ते. पण तिने जसं होतं तसं वाचलं. माझ्या आजोबांचं नाव, ‘यांनी ही विहीर खोदली’, पूर्णविरामापर्यंत.

“त्यानं?” आबाजी म्हणाले. “त्याले तं सब्बल धरता येत नव्हती.”

लोक खो-खो हसले. सरपंचही हसला. माझा भाऊ ताठ मानेने दुकानाकडे निघून गेला. आबाजी मात्र हसत नव्हते. त्यांनी विनोद केलाच नव्हता. पहार कोणाला धरता येत होती आणि कोणाला नाही, ही खरोखर पाहिलेली गोष्ट सांगितली होती, आणि लोक का हसतात ते त्यांना कळत नव्हतं. ते मान इकडून तिकडे वळवत होते. बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरांना म्हणाली, “चाला, उचला.”

त्याच दुपारी मी त्या फलकाचा फोटो काढला आणि ज्ञानकोशातल्या लेखाला संदर्भ म्हणून जोडला. का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात सवयीने चालतात. जखमेवर खपली धरावी तसं त्या वाक्यावर आणखी काहीतरी चढवावं, असं काहीसं वाटलं असेल.

त्यानंतर मात्र मला चौकातून जाता येईना. वाचनालयाला मी मागच्या बोळातून जाऊ लागलो. बायकोने विचारलं, “तिकडून काऊन जाता?” मी म्हणालो, चौकात ऊन लागतं. एकदा मुलगी सुट्टीत आली तेव्हा सहज बोलली की बाई रस्त्यात भेटल्या, ‘सर बरे हायत ना’ असं विचारत होत्या. 

शेवटी एका दुपारी मी स्वतःचं वाक्य स्वतःच काढलं आणि बाईचं वाक्य टाकलं. पाऊण तासात ते परत उलटलेलं होतं. कोणी नवा, उत्साही संपादक होता. त्याचा शेरा: ‘संदर्भहीन मजकूर. गावातील फलकाचे छायाचित्र पाहावे.’ मी चर्चेच्या पानावर लिहिलं की त्या फलकावरचा मजकूर याच लेखातून घेतलेला आहे, लेखाचा आधार फलक आणि फलकाचा आधार लेख, असं चाललंय. त्याने उत्तर दिलं: ‘आपल्या या दाव्यास संदर्भ द्यावा.’ अगदी मी लिहिलं असतं तसंच. एखाद्या गुणी विद्यार्थ्याकडून आपलाच धडा ऐकावा, तसं मी ते वाचत बसलो.

स्मरणिकेची दुसरी प्रत मिळेल म्हणून शाळेत गेलो. शाळेची जुनी कागदपत्रं छत गळून भिजून कुजली होती. गुरुजी केव्हाच वारले होते. त्यांचा मुलगा पुलगावला राहतो असं कळलं, तर एसटीने तिथे गेलो. त्याने चांगलं बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, “बाबांचे कागद होते खरे. घर बदललं तेव्हा मी विचार केला, हे वाचनालयात तर असेलच. म्हणून टाकून दिले.” मी मान हलवली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तेच वाक्य घोळवत होतो. वाचनालयात तर असेलच.

मग मी चर्चेच्या पानावर माझ्या खऱ्या नावाने लिहिलं. विहिरीचा तो दुकानदार माझा आजोबा. वाचनालयाचा ग्रंथपाल मी. चौकशी करणारा मीच आणि ज्याच्याकडे केली तोही मीच. स्मरणिका मी वाचून निर्लेखित केली. रजिस्टरातल्या त्या ओळीचा फोटो जोडला. दोन दिवसांनी कोणीतरी लिहिलं: ‘आपल्या भावना समजू शकतो. परंतु सदर नोंदीवरून पुस्तकाचे अस्तित्व सिद्ध होते, आशय नव्हे.’ बरोबरच होतं ते.

भावाला कोणीतरी मोबाइलवर ते दाखवलं. तो घरी आला, चप्पल न काढता दारात उभा राहिला. “आज्याचं नाव पुसाले निघाला? घरात तं इचाराचं एकदा.” मी त्याला आत ये म्हटलं. “दुकानावर लोक इचारून राह्यले मले,” तो म्हणाला आणि गेला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

बाईकडे जायला मला त्यानंतरही आठवडा लागला. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आबाजी ओसरीवर बाजेवर पडलेले.

“या सर. बसा.”

मी बसलो. “बाई, एक सांगाचं होतं.”

“तो ज्ञानकोशवाला तुमीच, हेच ना?”

“पोरीनं वाचून दाखवलं?”

“पोरगी तं गावाले गेली हाय. मले त्या दिवशीच समजलं होतं. मी इचारलं, कोणी चौकशीले आलतं का. तुमी म्हणलं, कोणी नाई. अन् तिकडं तो लिवते, चौकशी केली. मंग कोण रायलं? कपाट?”

“मग तेव्हाच काऊन नाही बोलल्या?”

“तुमी बोलसान म्हणून थांबलो.” तिने एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. “दोन वर्षं झाले, सर.”

मला वाटलं होतं की एवढं सांगून झालं की हलकं वाटेल. पण तिला जे माहीत होतं ते अर्धंच होतं. मी म्हणालो, “ते पुस्तक वाळवीनं गेलं नाही. मी काढलं. रद्दीत देल्लं.”

“जुनं झालतं म्हणून.”

“नाही. ते पान वाचलं होतं मी.”

तिचे हात थांबले. “वाचून?”

“वाचून.”

 तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हणायची पद्धत आहे, पण मला तसं वाटलं नाही. मला फक्त तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठता येत नव्हतं.

बाजेवरून आवाज आला, “कोण आलं वं?”

“वाचनालयवाले सर आले, बाबा.”

“कोणाचा तो?”

“दुकानवाल्याचा नातू.”

“बसाले दे त्याले,” आबाजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, मला की स्वतःला ते कळलं नाही, म्हणाले, “तुह्या आज्यानं आमाले गूळ देल्ला होता. खोदाले बसलो का दुपारच्याले गुळाचा खडा अन् पाणी. पुरा उन्हाळा देल्ला. ते बी लिवजो.”

 गुरुजींच्या स्मरणिकेत गूळ नव्हता. आमच्या घरीही ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. आजोबांबद्दल खरी असलेली, चांगली असलेली एक गोष्ट, आणि ती ज्यांचं नाव मी पुसलं त्यांच्याजवळ सांभाळलेली होती.

“बाई,” मी म्हणालो, “मी वही आणतो. आबाजी सांगतील तसं लिहून घेतो. वाचनालयात ठेवतो, नंबर देऊन.”

“तुमी नोका लिवू,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “एकडाव लिवलं न तुमी. आता मी लिवतो.”

“बरं.”

“अन् ते तिकडं चालत नाई न, हातानं लिवलेलं?”

“नाही चालत. छापलेलं लागतं.”

“मंग काहाले?”

 मी खरं तेच सांगितलं, “गुरुजींनीही असंच ऐकून लिहिलं होतं. ते फक्त छापलं गेलं.”

ती सूप उचलून आत गेली. मला वाटलं, संपलं. मी चपला घालत होतो तेव्हा आतून तिचा आवाज आला, “वाचनालय किती वाजता उघडते?”

वही यायला दीड महिना लागला. शंभर पानी, रेघांची, अंगणवाडीत हजेरीला वापरतात तसली. अक्षर ठसठशीत, मुलांना गिरवायला द्यावं तसं. आबाजी रोज थोडं थोडं सांगत, कधी तेच तेच सांगत, तर तेही तिने दोन्ही वेळा लिहिलं होतं. खोदणाऱ्या माणसांची आणि बायांची नावं, जेवढी आठवली तेवढी. कोपरा नेमून दिला ते. आणि गूळ. मी ती तिच्यासमोर वाचली नाही. तिने वाचा म्हटलं नव्हतं.

ग्रामपंचायतीत मी फलक बदलायचा अर्ज दिला आहे. ग्रामसेवक म्हणतो, पुढच्या आराखड्यात पाहू. ज्ञानकोशात माझं वाक्य अजून तसंच आहे, आणि ते काढण्याइतका संदर्भ माझ्याकडे नाही. वही आली त्या आठवड्यात मला एवढंच करता येण्याजोगं होतं: दाखल रजिस्टर उघडणं.

मी तारीख लिहिली. लेखकाच्या रकान्यात तिच्या वडिलांचं नाव लिहिलं. ती म्हणाली, “खाली माहं बी लिवा. लिवणारी म्हणून.” लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर शिक्का मारला, शिक्क्यात आकडा टाकला.

“बाबा इचारतीन, किती नंबर आला म्हणून,” ती म्हणाली.

मी आकडा सांगितला. तिने तो दोनदा तोंडाने म्हणून घेतला.

मग पिशवीतून मोबाइल काढला. “या पानाचा फोटो काढतो.”

“काढा ना.”

तिने काढला, बोटांनी मोठा करून पाहिला, माझी सही नीट आली की नाही ते बघितलं. “आता ते जुनं पान काढा. ज्यात ते शाळेचं पुस्तक होतं.”

मी मागची पानं उलटली. ते पान मला शोधावं लागलं नाही. रजिस्टर जुनं, शिवण सुटलेली, पान आपोआप मिटत होतं म्हणून मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. ती उभी राहिली, मोबाइल वरून धरला आणि थांबली. माझा अंगठा तांबड्या सहीवर आला होता.

“अंगठा बाजूले घ्या, सर,” ती म्हणाली.

मी घेतला.